वेट लॉस सेंटर, जुळे सोलापूर: वजन उतरवायला चार स्टार, टिकवायला एक

तीन महिन्यांचं पॅकेज, पैसे सगळे आधी. सेंटरचं नाव टाकत नाहीये, कारण असली सेंटरं आता सोलापुरात गल्लोगल्ली झालीत आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं.

चांगलं आधी सांगते. डाएटच्या मॅडम आपल्या सोलापूरच्याच, त्यामुळे ओट्स, किनोआ, ब्रोकोली असली भानगड नाही. ज्वारीची भाकरी खा म्हणाल्या, फक्त मोजून. भात कमी, शेंगापोळी सणालाच, आणि शेंगा चटणीवर तर असं बारीक लक्ष की विचारू नका. आपल्याकडे चटणी म्हणजे तोंडी लावणं, ती कोण मोजतंय, वरनं परत तेल नाहीतर दही असतंच. बॅचमधल्या एका काकूंना मॅडमनी सांगितलं, रोज जेवढी घेता तेवढी या वाटीत काढा. काट्यावर ४० ग्रॅम भरली! शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, म्हणजे ती "थोडीशी" चटणीच एका भाकरीपेक्षा जड. काकू म्हणाल्या, "मग कडक भाकरी नुसती खायची का ओ?" सगळे हसले पण त्या दिवसापासून घरी चटणीला छोटा चमचा आला. एवढ्यासाठी पैसे वसूल म्हणेन मी.

आता वजनाच्या दिवसाचं बघा. सकाळपासनं पाण्याचा घोट नाही, घड्याळ काढ, बांगड्या काढ, एक ताई तर केसातले चाप पण काढून ठेवायच्या. मशीनवर अनवाणी उभं राहायचं, मग चिठ्ठी येते, फॅट इतकं, बॉडी एज, म्हणजे मशीनच्या हिशोबानं शरीराचं वय, इतकं. आता हे मशीन अंगातनं बारीक करंट सोडून अंदाज काढतं, अंगात पाणी कमीजास्त असलं की आकडा हलतो, पण बॉडी एज ५५ आलं की माणूस घाबरून लगेच प्रोटीन पावडरचा डबा विकत घेतो हो, ते काउंटर मशीनच्या शेजारीच ठेवलंय. कंबर मात्र कधीच मोजली नाही. टेप काय महाग असते का? आपल्या लोकांत बायकांची कंबर ८० सेंटीमीटर आणि पुरुषांची ९० च्या वर गेली की शुगर, हार्टचा धोका वाढतो, ते सांगायला मशीन लागत नाही.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचंच वजन धाडकन उतरतं, टाळ्या, ग्रुपवर फोटो. ते बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेली साखर संपते तसं तिच्याबरोबर धरलेलं पाणी पण जातं. हे कुणी सांगत नाही, मग पुढं काटा हळू झाला की लोक हिरमुसतात. तरी तीन महिन्यांत माझं चांगलं उतरलं, शेजारची म्हणाली, "वहिनी, बारीक होऊलालाव की!" ते खरंय, म्हणून चार स्टार.

आणि मग पॅकेज संपलं. संपलं म्हणजे ग्रुपमधनं काढून टाकलं, विषय संपला. पुढं काय खायचं, किती खायचं, एक कागद पण नाही. खरं काम तर तिथनंच सुरू होतं ना! वजन उतरलं की शरीर पहिल्यापेक्षा कमी जाळतं आणि भूक वाढवून ठेवतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये छापलंय की वजन उतरवल्यावर वर्ष झालं तरी भुकेची हार्मोन्स पूर्वीच्या जागी आलेली नव्हती. नुसतं कमी खाऊन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायू पण जातात, आणि इथं तर डंबेलचं नावच नाही, डाळ-अंडी वाढवा एवढं सुद्धा नाही, प्रोटीन म्हणजे त्यांचा डबा.

त्यात आपलं गाव. हिवाळ्यात हुरडा, संक्रांतीला गड्डा यात्रा, नंतर लग्नं. मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की संभाजी तलावावरचं चालणं सातलाच नको होतं. वजन थोडं थोडं परत यायला लागलं म्हणून सेंटरला फोन केला तर काय, "मॅडम तुमची विल पॉवर कमी पडली, परत जॉइन करा, जुन्या मेंबरला डिस्काउंट आहे." अरे वा! तुम्ही पुढचं शिकवलं नाही आणि दोष माझा. आणि माझा आफ्टरवाला फोटो अजून भिंतीवर लावलेलाच आहे, तो तरी काढा नाहीतर अपडेट करा.

जाऊ नका असं म्हणत नाही. वजन ५ ते १० टक्के जरी उतरलं तरी बीपी, शुगरला फरक पडतो, त्यामुळे सुरुवात करून द्यायला ठीक आहे. पण पैसे भरायच्या आधी चौथ्या महिन्यापासनं काय करणार ते विचारा, आणि लिहून घ्या. डबा अजिबात घेऊ नका. बीपी, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा, इथं ते कुणी विचारत नाही.

सकाळची बॅच घ्या, संध्याकाळी एसी बंद असतो आणि मशीनला लाइन असते.