गेम डिस्कवरचे चरे, पॉलिशचं किट आणि बॅकअप: गणपतीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

गणपतीच्या सुमारास दोन वस्तू मागवल्या. एक, मूठ फिरवून डिस्क घासायचं हातकिट. दुसरी, यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर. घरातला पीएस२ (सोनीचा जुना प्लेस्टेशन २ गेम कन्सोल) अजून ठणठणीत आहे, पण निम्म्या डिस्क तो उचलत नव्हता. त्यात २००९ साली आलेले आपल्याकडचे 'देसी अड्डा' आणि 'हनुमान: बॉय वॉरिअर' हे गेमही होते. विटीदांडू आणि कबड्डी असलेला पीएस२ गेम आता कोणी नव्याने छापणार नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी किटबद्दल. बारीक चऱ्यांवर ते खरंच काम करतं. सीडीचं प्लास्टिक १.२ मिमी जाड असतं आणि लेझर त्याच्या आरपार जाऊन माहितीचा थर वाचतो. चरा असतो तो या प्लास्टिकवर, माहितीवर नाही. त्यामुळे कड थोडी घासून बोथट केली की किरण पुन्हा सरळ जातो. किटची चकती मधून बाहेर अशा दिशेने घासते, तेही बरोबर आहे. सीडीतली चूक-दुरुस्तीची पद्धत ट्रॅकच्या (माहितीच्या गोल फिरत जाणाऱ्या रेघेच्या) लांबीत साधारण २.५ मिमीपर्यंतचा खंड भरून काढू शकते. मधून बाहेर गेलेला आडवा चरा प्रत्येक फेऱ्यात थोडीशीच माहिती खातो, ट्रॅकच्या दिशेने गेलेला गोल चरा मात्र सलग खात सुटतो. म्हणून फडक्यानेसुद्धा डिस्क गोल गोल पुसू नये. घासून झाल्यावर डिस्कवर सूर्यकिरणांसारख्या फिकट रेषा उमटतात. दिसायला वाईट, वाचायला चांगल्या.

किट कुठे हात टेकतं तेही सांगतो. चालू कन्सोल हलवल्याने पडलेला खोल गोल चरा काही केल्या जात नाही. सीडीच्या लेबलच्या बाजूने नख जरी लागलं तरी माहितीचा थरच उडू शकतो, कारण त्यावर फक्त वार्निशचा पापुद्रा असतो. डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला, तर तेवढी माहिती गेली, घासत बसू नका. डीव्हीडीत थर दोन ०.६ मिमी चकत्यांच्या मधे असतो, त्यामुळे ती या बाबतीत जास्त चिवट. ब्लू-रेला मात्र हे किट लावूच नका. तिचा वरचा थर जेमतेम ०.१ मिमीचा, त्यात पॉलिश करायला जागाच नाही. खोक्यावर 'सर्व डिस्कसाठी' असं बिनधास्त छापलेलं आहे, तिकडे दुर्लक्ष करा. किटमधला द्रव संपल्यावर मी डिस्टिल्ड वॉटर वापरतोय, फरक जाणवला नाही. चकती झिजतेय आणि सुटी चकती मिळत नाही, हा मोठा उणेपणा. टूथपेस्टचा घरगुती उपाय अगदी बारीक चऱ्यांपुरता ठीक. जेल नको, पांढरीच घ्या.

आता बॅकअप. घासलेली डिस्क रोज कन्सोलमध्ये घालण्यात अर्थ नाही. ती एकदा नीट वाचून घ्यायची, इमेज (अख्ख्या डिस्कची फाइलमधली हुबेहूब नक्कल) करून ठेवायची आणि डिस्क डब्यात. पीएस२च्या डीव्हीडीसाठी इम्गबर्न हा प्रोग्रॅम पुरतो. जिथे तो अडकतो तिथे मी डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कमधून माहिती वाचवणारं सॉफ्टवेअर वापरतो. ते आधी सोपा भाग उचलतं, अवघड जागा सोडून पुढे जातं, मग मागे फिरून त्या जागांशी झगडतं आणि काय मिळालं, काय राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. त्या नोंदीवरून तेच काम दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे चालू करता येतं. इथे खरी गंमत आहे. माझा नवा यूएसबीवाला स्लिम ड्राइव्ह ज्या सेक्टरांवर (डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या तुकड्यांवर) मान टाकतो, ते लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना डेस्कटॉप ड्राइव्ह निमूट वाचतो, आणि कधी उलटंही होतं. जुना ड्राइव्ह घेणार असाल तर १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागेल, फक्त यूएसबीवर तो फिरत नाही. एकाच गेमच्या, एकाच आवृत्तीच्या दोन चरे पडलेल्या प्रती असतील, तर दोन्हींतून मिळून एक पूर्ण इमेजही करता येते.

कॉपी-प्रोटेक्शनवाल्या पीसी गेममध्ये मात्र हा सगळा हिशेब उलटा होतो. १९९८ पासूनच्या सेफडिस्क या कॉपी रोखणाऱ्या पद्धतीत प्रकाशकानेच काही सेक्टर मुद्दाम न वाचता येण्यासारखे ठेवलेले असतात. कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला त्यांची चूक आणि आपला चरा यांतला फरक कळत नाही. ड्राइव्ह तासन्‌तास घरघरत राहतो आणि आपण बिनाकारण निरोगी डिस्क घासायला घेतो. ओळखायची खूण अशी: डिस्कवर सात शून्यं आणि एक अशा नावाची टीएमपी फाइल (00000001.TMP) किंवा सेकड्राइव्ह नावाची सिस्टिम फाइल (secdrv.sys) असेल, तर बहुधा सेफडिस्क. त्याच्या जुन्या आवृत्तीत चुका डिस्कच्या सुरुवातीला, पहिल्या दहा-अकरा हजार सेक्टरांच्या आत एकवटलेल्या असतात. चऱ्याच्या चुका ठरावीक अंतराने, दर फेऱ्याला येत राहतात. मॅप फाइल उघडली की हे डोळ्यांना दिसतं. सगळी मेहनत करून डिस्क लख्ख झाली तरी विंडोज १० किंवा ११ वर तो गेम सुरू होणार नाही, कारण सेफडिस्कला विंडोजमध्ये लागणारा ड्रायव्हर (तीच सेकड्राइव्ह फाइल) मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच बाद केला. 'जीटीए थ्री', 'बॅटलफिल्ड १९४२' वगैरे त्यात अडकले. माझ्याकडे त्यासाठी जुना एक्सपीवाला संगणक आहे, इंटरनेट न जोडलेला. मूळ डिस्क ड्राइव्हमध्ये, गेम चालू. क्रॅक (संरक्षण काढून टाकलेली गेमची फाइल) शोधत फिरलो नाही, त्यासोबत काय काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जो गेम नव्याने विकत मिळतो तो सरळ घ्यावा. 'द सिम्स' २०२५ मध्ये परत आलाच.

पीएस१ची तऱ्हा आणखी वेगळी. डिस्कच्या आतल्या भागात खोबणीलाच बारीक डोल दिलेला असतो आणि त्या डोलात प्रदेशाचा संकेत लपवलेला असतो. कोऱ्या सीडीची खोबण कारखान्यातूनच ठरून येते, त्यामुळे रायटर तो डोल लिहूच शकत नाही. माहिती हुबेहूब उतरली तरी कन्सोल ती प्रत नाकारतो. एम्युलेटरला (संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला) डोलाशी देणंघेणं नसतं. इथे इमेज साध्या आयएसओ प्रकारची नको, बिन-क्यू प्रकारची घ्या, नाहीतर डिस्कवरची गाणी गळतात. आणि 'स्पायरो: यिअर ऑफ द ड्रॅगन'सारख्या काही पाल (युरोपातल्या आवृत्तीच्या) गेममध्ये कॉपी ओळखायची किल्ली सबचॅनलमध्ये, म्हणजे मुख्य माहितीसोबतच्या छोट्या जोड-माहितीत असते. ती उतरली नाही तर गेम सुरू होतो आणि पुढे कुठेतरी दगा देतो. पीएस१च्या काळ्या डिस्कवर चरे नीट दिसत नाहीत, टॉर्च तिरका धरून बघा.

कायद्याचं विचाराल तर आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(एए) आहे. प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती हरवू किंवा बिघडू नये म्हणून तात्पुरता बॅकअप ठेवता येतो. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडणं हा गुन्हा, हे कलम ६५ए २०१२च्या दुरुस्तीने आलं. मित्रमंडळींत पेनड्राइव्ह फिरवणं 'बॅकअप'मध्ये बसत नाही.

घ्यावं का? पाच-सहाच डिस्क असतील तर किट घेऊ नका, तेच पैसे दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. माझ्या कितीतरी डिस्क न घासता, नुसता ड्राइव्ह बदलून वाचल्या गेल्या. कपाट भरून डिस्क असतील तर दोन्ही घ्या, आणि आधी ड्राइव्ह बदलून बघा, मगच घासा. 'देसी अड्डा' पूर्ण उतरला. 'हनुमान'चे काही सेक्टर दोन्ही ड्राइव्हना दाद देत नाहीत, त्यासाठी दुसरी प्रत शोधतोय.