सील न फोडता तपासणी म्हणे! २,०६,५०० रुपये गेले

आधीच सांगतो, मला कुणी अडाणी समजू नये. भोसरीत माझं चूर्णांचं छोटं युनिट आहे, अश्वगंधा-शतावरी कुटण्यात केस पिकले. तरी यंत्राचे १,७५,००० आणि वर १८ टक्के जीएसटीचे ३१,५००, असे २,०६,५०० रुपये एका गोडबोल्या विक्रेत्याच्या घशात घातले.

हातात मावणारा एनआयआर स्कॅनर, म्हणजे डोळ्याला न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश टाकून माल तपासणारं यंत्र. "सर, सील फोडायचं नाही, माल वाया जायचा नाही, विथॅनोलाइड आणि शिसं दहा सेकंदांत." (विथॅनोलाइड म्हणजे अश्वगंधेतलं मुख्य औषधी द्रव्य.) एनआयआर काही भोंदूगिरी नाही, औषध कंपन्या कच्चा माल ओळखायला वापरतात. म्हणून तर विश्वास बसला.

त्याने माझंच अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं सीलबंद पाकीट उचललं, वरूनच यंत्र टेकवलं आणि स्क्रीनवर आलं, शिसं ०.८ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ०.८ भाग. तिथेच गचांडी धरायला हवी होती! फॉइलमधून तो प्रकाश आत जातच नाही. गेला असता तरी त्याला पाणी, स्टार्च असले रेणू कळतात. पीपीएममधलं शिसं नाही. त्याला आयसीपी-एमएस किंवा एएएस ही धातू मोजणारी लॅबची यंत्रं लागतात, तेही नमुना आम्लात विरघळवून. हे सगळं मला ठाऊक होतं हो. पण ऑर्डर अडलेली, लॅबचा रिपोर्ट लांबलेला, दर लॉटला वेगळं बिल. माझ्या जागी कुणीही भुललं असतं.

पुढचा लॉट गिऱ्हाइकाने स्वतः लॅबला दिला. शिसं १४ पीपीएम, मर्यादा १०. माल परत, ६८,००० चा फटका वेगळाच. त्या रात्री यंत्राखाली घरची कणीक ठेवली. विथॅनोलाइड २.१ टक्के! बायको हसली, मला हसू आलं नाही.

चौकीत म्हणाले, बिल आहे, वस्तू मिळाली, मग हा दिवाणी मामला. औषधवाल्या खात्यात गेलो तर म्हणे यंत्र आमच्याकडे येत नाही. वर माझ्याच लॉटचं रजिस्टर मागितलं! ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाला, धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. सायबरवाले म्हणाले, ऑनलाइन कुठे फसलात? म्हणजे चोराने समोर बसून, चहा पिऊन लुटलं की गुन्हाच नाही?

यंत्राचं कॅलिब्रेशन (खात्रीच्या नमुन्यांशी आकडे जुळवणं) कोणत्या नमुन्यांवर केलं आणि त्यांचे एचपीएलसीचे (घटक वेगळे करून मोजायची लॅबची पद्धत) आकडे कुठे, हे लेखी मागा. एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारी संस्था) कागद दाखवला तर त्याचा स्कोप, म्हणजे मान्यता नेमकी कशाला आहे ते, साइटवर उघडून बघा. माझ्याकडच्या कागदावर फक्त वजनकाट्याचं कॅलिब्रेशन होतं. पैसे हप्त्याने द्या, एकरकमी आरटीजीएस नाही. आणि डेमोला त्याची पुडी नको, तुमची कणीक ठेवा.

त्याचा नंबर बंद आहे. माणूस मात्र चाकणकडे फिरतोय असं ऐकलं, यंत्राचा रंग आता निळा.