मेटोप्रोलॉल की बिसोप्रोलॉल? दोन्ही घेऊन झाल्यावर

मेटोप्रोलॉल आणि बिसोप्रोलॉल या दोन्ही बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या. डॉक्टर म्हणाले यातली कुठलीही चालेल, आणि आता ठरवायचं कसं, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी आधी दीड वर्ष मेटोप्रोलॉल घेतली, हळूहळू सुटणारी सक्सिनेटवाली, आता बिसोप्रोलॉल चालू आहे. हार्ट फेल्युअरमध्ये (हृदय कमजोर होऊन रक्त नीट पंप न होणं) दोन्ही कामाच्या आहेत हे १९९९ मधल्या मोठ्या अभ्यासांतच दिसलंय, त्यामुळे कुठली जास्त स्ट्राँग वगैरे वादात मी पडत नाही.

थकवा दोन्हींनी आला. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे जिना चढताना पाय ओढल्यासारखे व्हायचे, मग कमी झालं. हातापायाची बोटं गार पडणं पण दोन्हीकडे सारखंच.

फरक पडला तो झोपेत. मेटोप्रोलॉलवर मला इतकी खरीखुरी आणि वाईट स्वप्नं पडायची की पहाटे तीनला घामाघूम होऊन उठायचो आणि परत झोपायचीच भीती वाटायची, आणि मी दोन-तीन महिने हे टेन्शनमुळे होतंय असंच धरून चाललो, डॉक्टरांना बोललोच नाही. कृपया असं करू नका, सांगा. हे औषध चरबीत विरघळतं म्हणून मेंदूपर्यंत सहज जातं, बिसोप्रोलॉल त्यामानाने कमी. रात्रीची गोळी सकाळी घेऊन पाहिली, थोडाच फरक पडला. गोळी बदलल्यावर मात्र तिसऱ्या आठवड्यात सलग झोप लागली, ती रात्र अजून आठवते. अर्थात स्वप्नं बिसोप्रोलॉलनेही काहींना पडू शकतात, आणि मेटोप्रोलॉलवर शांत झोपणारेही खूप आहेत.

किडनी कमजोर असेल तर उलट विचार करावा लागेल, कारण बिसोप्रोलॉल साधारण निम्मी किडनीतून बाहेर जाते, मेटोप्रोलॉलचं काम मुख्यतः लिव्हर करतं. पण फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन (डिप्रेशनवरची औषधं) चालू असेल तर लिव्हरमध्ये मेटोप्रोलॉल नीट मोडली जात नाही, रक्तात साठते आणि पल्स फार खाली जाऊ शकते. डायबेटिस असेल तर यातली कुठलीही घेतली तरी शुगर उतरल्यावरची धडधड नीट जाणवत नाही, घाम मात्र येतो, तेवढी खूण लक्षात ठेवा. दम्याचं पण आधीच सांगा.

बदल करायचा तर डॉक्टरांकडूनच, डोस त्यांनी ठरवून. स्वप्नांना वैतागून मी एकदा दोन दिवस गोळी स्वतःच बंद केली होती, तेव्हा छातीत जी धडधड सुरू झाली ती गोळी परत चालू केल्यावरच थांबली.