लवंग तेल म्हणून विकलेल्या बारा बाटल्या

बाटल्या बारा, प्रत्येकी १०० मिली. गव्हाचं बियाणं २४० किलो, किलोला ५ मिली. हिशेब चोख जुळत होता. आल्टरनेरिया आणि बायपोलॅरिस या बुरशींमुळे दाण्यांची टोकं काळी पडली होती, म्हणून पेरणीआधी बियाण्याला लवंग तेल चोळायचं, म्हणजे बीजप्रक्रिया करायची ठरवली. बाटलीत निघालं ते कुठलंसं खाद्यतेल, वर वासापुरतं युजेनॉल, म्हणजे लवंग तेलातला मुख्य घटक.

वास अस्सल होता, हे आधी सांगतो. झाकण उघडलं की खोली भरून जायची. पण युजेनॉल थोडं असलं तरी नाक फसतं, त्यामुळे वासावरून खरेदी करू नका. सोबत तपासणीचा अहवालही होता, युजेनॉल ८२ टक्के लिहिलेला. त्यावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहिला नाही. नंतर पाहिला. वेगळा होता.

खरी चूक झाली ती मिश्रण करताना, आणि तीच अजून सलते. २० किलोच्या एका घाणीला ३०० मिली पाणी, १०० मिली तेल, ५ मिली ट्वीन-८० (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य) असं प्रमाण होतं. ट्वीन टाकायच्या आधी तेल पाण्यात ओतलं आणि ते वर आलं. डोळ्यांदेखत पिवळसर थर धरून तरंगत राहिलं. लवंग तेलाची घनता १.०४ ते १.०६ असते. ते पाण्यापेक्षा जड, तळाशीच बसायला हवं. हे पाठ असूनही 'ढवळलं की मिसळेल' म्हणून ट्वीन ओतलं आणि पुढे निघालो. बाराही वेळा तेच पाहिलं. पेरणी तोंडावर होती, मजूर थांबले होते. घाईत डोळ्यांना दिसलेलंही मनापर्यंत पोचत नाही.

ही चाचणी दोन मिनिटांची आहे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, थेंब टाका आणि काडीने पाण्याखाली दाबा, कारण पृष्ठताणामुळे खरं तेलही क्षणभर वर अडकतं. लवंग आणि दालचिनीच्या सालीचं तेल बुडतं. ओवा, थाइम, गवती चहा यांची तेलं तरंगतातच, त्यांना ही चाचणी लावू नका. तिथे कोऱ्या कागदावर थेंब टाकून उबदार जागी दिवसभर ठेवा. तेलकट डाग तसाच राहिला तर खाद्यतेलाची भेसळ समजा. लवंग तेल सावकाश उडतं, त्याला दोन दिवस द्या.

दुसरी खूण तर सोबतच्या पत्रकात छापलेलीच होती: किलोला ५ मिली. शुद्ध लवंग तेल तणनाशक म्हणून वापरलं जातं, ते कोवळा कोंब जाळतं. एवढी मात्रा आधी शंभर दाण्यांवर न पाहता सांगणारा माणूस आपलं तेल किती पातळ आहे हे जाणूनच सांगतो. आमची उगवण शंभरात ९२ आली आणि आम्ही खूश झालो. खरं तर तिथेच संशय यायला हवा होता. पत्रकात 'बियाण्यातून येणारे सर्व रोग' असंही होतं. गव्हाच्या मोकळी काणी या रोगाची बुरशी दाण्याच्या गर्भात असते, वरून चोळलेलं तेल तिथवर पोचत नाही. 'सर्व रोग' हा शब्द दिसला की बाटली परत करा.

प्रक्रिया न केलेलं थोडं बियाणं बाजूला ठेवलं होतं, म्हणून निदान खात्री झाली. दोन्हींचे ४००-४०० दाणे ओल्या टीपकागदावर लावले. गव्हाचा कोंब बुरशी झाकतो, तो मरावा म्हणून एका दिवसानंतर रात्रभर उणे २० अंशांत ठेवले, मग पाच दिवस बाहेर. बुरशी दोन्हीकडे सारखीच.

तक्रार घेऊन गेलो तर एका कार्यालयात सांगितलं, हे नोंदणीकृत बुरशीनाशक नाही, आमच्याकडे येत नाही. नोंदणी नसताना बुरशीनाशक म्हणून विकलं, हीच तर तक्रार! दुसरीकडे लेबल वाचून दाखवलं: 'सुगंधी तेल, बाह्य वापरासाठी'. शेतीचा सगळा दावा वेगळ्या पत्रकात होता, आणि पत्रकावर विक्रेत्याचं नाव नव्हतं. तिसरीकडे नमुना घेईनात, कारण बाटल्या उघडलेल्या. बाराच लागणार होत्या, बाराच घेतल्या, सीलबंद कुठून आणायची? ज्याने औषध प्रामाणिकपणे वापरलं त्याच्याकडे पुरावा उरत नाही, आणि पुरावा नाही म्हणून त्यालाच दारातून परत पाठवतात. कुणी खुर्चीतून उठून ग्लासभर पाण्यात एक थेंब टाकून पाहिला नाही. चार वेळा खेपा घातल्या, पोच एकाच अर्जाची मिळाली.

बिलावर 'बीजप्रक्रियेसाठी' असं लिहून घ्या, बॅच क्रमांकासह. आणि हिशेबापेक्षा एक बाटली जास्त घ्या. ती उघडू नका, सीलसकट काळोखात ठेवा.