फँटम ३ ची बॅटरी आणि मडगावचे दुकान

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांचे काम होईल. उत्पादन बंद झालेल्या ड्रोनची बॅटरी ऑनलाइन मागवू नका. शरीराने धड असलेली जुनी मूळ बॅटरी घेऊन मडगावला जा आणि तिचे सेल बदलून घ्या. मी तेच केले. एका बॅटरीला ५,२०० रुपये पडले, नऊ दिवस लागले आणि एप्रिलपासून माझे ड्रोन पुन्हा कामावर आहे. दुकानाला पाचपैकी चार. पाचवा तारा का कापला तेही खाली लिहिले आहे.

माझे ड्रोन म्हणजे डीजेआयचे फँटम ३ अॅडव्हान्स्ड. हे मॉडेल एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झाले, मी २०१६ मध्ये घेतले. वजन १,२८० ग्रॅम, कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा. आज दुकानात जी ड्रोन दिसतात त्यांच्यापुढे ते अवजड वाटेल. नोंदणी वेळेत केलेली आहे, क्रमांक पोटावर चिकटवलेला आहे. पंखे, मोटारी, कॅमेरा सगळे ठणठणीत. अडले ते फक्त बॅटरीपाशी, कारण हे मॉडेल बनवणे केव्हाच थांबले आणि त्याबरोबर मूळ बॅटऱ्याही. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीची तयार ड्रोन आयात करायला आपल्याकडे बंदी आहे, सुट्या भागांना नाही. त्यामुळे हातात आहे ते जपणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

“जुने कशाला धरून बसतेस, नवे घे,” असे घरचे म्हणाले. त्यांना जे उत्तर दिले तेच इथे देते. मी हायस्कुलात भूगोल शिकवला. २०१६ पासून दर ऑक्टोबरात आणि दर एप्रिलात मी गोव्यातल्या जुवे बेटाच्या बाजूच्या खाजनाचा, म्हणजे खाडीचे पाणी अडवून केलेल्या शेतजमिनीचा, बांध वरून टिपते. त्याच अकरा जागा, तीच साठ मीटर उंची, ओहोटीची तीच वेळ. बांधाला कुठे खेकड्यांनी पोखरले, मानशीच्या (भरती-ओहोटीचे पाणी सोडण्या-अडवण्याच्या दाराच्या) बाजूची माती किती खचली, शेतात खारे पाणी कुठवर शिरले, हे वर्षामागून वर्ष शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. कॅमेरा बदलला की भिंग बदलते, चित्राची व्याप्ती बदलते आणि जुन्या फोटोंशी नवे जुळवणे कठीण होते. हे यंत्र मला हवे आहे ते याचसाठी.

माझ्याकडे तीन बॅटऱ्या होत्या. गेल्या पावसाळ्यात तिन्ही गेल्या, आणि त्यात चूक माझी होती. ही बॅटरी वापराविना दहा दिवस पडून राहिली की आपली आपण ६५ टक्क्यांपर्यंत उतरते. तिथून पुढेही तिच्यातले सर्किट थोडी थोडी वीज पीतच असते. जून ते सप्टेंबर मी डबा उघडला नाही. आमच्या माशेल गावच्या पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते, तिथे बॅटरीची काय कथा! ऑक्टोबरात डबा उघडला तर एक फुगून कवचातून बाहेर आलेली आणि उरलेल्या दोन्ही, बटण दाबूनही, मुक्या. खाजनाच्या फोटोंमध्ये पहिल्यांदाच एक ऑक्टोबर रिकामा राहिला. ती पोकळी आता भरणार नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आधी ऑनलाइन शोधले. “सुसंगत”, “मूळ दर्जाची” अशा शब्दांत विकली जाणारी एक बॅटरी ७,९०० रुपयांना मागवली. विमानाने लिथियम बॅटऱ्यांचे पार्सल सहसा घेत नाहीत म्हणून ती रस्त्याने घाट उतरून आली, बारा दिवसांनी. वरच्या कागदावर ४४८० मिलीअँपिअर-अवर छापलेले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर ३१८ ग्रॅम. मूळ बॅटरी ३६५ ग्रॅमची असते. सत्तेचाळीस ग्रॅम गेले कुठे? उडवली तेव्हा नऊ मिनिटांत लाल दिवा लागला आणि पाचव्या चार्जिंगला तीही फुगली. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. त्यानंतर पुण्याच्या भाच्याने एक जुनी, सील न फोडलेली मूळ बॅटरी मिळवून विमानात हातातल्या बॅगेतून आणली. ६८ वॉट-अवरची आहे, शंभराच्या आत असल्याने चालते. सील अखंड, पण आतले सेल इतकी वर्षे न वापरता पडून संपलेले. ती उठलीच नाही.

मडगावच्या दुकानाचे नाव मी लिहीत नाही. मालकांनीच तशी विनंती केली आहे. दुकानात ते आणि एक मदतनीस, एवढीच माणसे. रोजचे काम विजेच्या स्कूटरच्या आणि लॅपटॉपच्या बॅटऱ्यांचे. ड्रोनची कामे महिन्याला चार-पाचच घेतात. जुन्या बाजाराच्या अंगाला, कपड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत, वर एक माडी. मडगावात बॅटरीवाल्यांकडे विचारत गेलात तर पोचाल. मालक मूळचे बेळगावचे, तिशी-पस्तिशीचे.

फुगलेली बॅटरी कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमधून नेणे योग्य नव्हते. भाच्याच्या गाडीतून, कोरड्या वाळूने भरलेल्या मातीच्या मडक्यात घालून नेली. मालकांनी ते मडके पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “बाई, तुम्ही शाळेत होता काय?” पुढे सगळे बोलणे ‘बाई’ म्हणूनच झाले.

आता मुख्य गोष्ट. त्यांनी आधी भाव सांगितला नाही, आधी मोजले. सपाट प्लास्टिकची पट्टी घालून कवचाची शिवण हळूहळू उकलली. फुगलेल्या बॅटरीचे कवच सुटताच गोडसर, रंगात घालतात त्या थिनरसारखा वास आला. त्यांनी लगेच खिडकीचा पंखा लावला आणि ती बाहेर गच्चीवर वाळूच्या बादलीत ठेवून आले. “हिला हात लावणार नाही. सर्किटपण गंजलंय. हिचे पैसे घेणं बरं नव्हे.” त्यांनी ते सर्किट मला भिंगाखाली दाखवले. कनेक्टरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट खपली धरली होती, आणि एका ठिकाणी ती दोन सांध्यांच्या मधोमध पूल बांधल्यासारखी पसरली होती. खाडीकाठी राहणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांनी पाहावे.

उरलेल्या दोन्ही त्यांनी अगदी बारीक प्रवाहावर सावकाश जाग्या केल्या, फक्त मोजण्यापुरत्या. आत चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा आतला अवरोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, त्यांनी मोजला आणि एका बॅटरीचे आकडे मला वहीत लिहून दिले: २२, २४, ६१, २३ मिलीओहम. नव्या चांगल्या सेलचा पाचच्या आसपास येतो म्हणाले. मी घरी येऊन हिशेब केला. ६८ वॉट-अवर २३ मिनिटांत संपतात असे धरले तर सरासरी १७७ वॉट, म्हणजे १५.२ व्होल्टला जवळजवळ १२ अँपिअर. १२ अँपिअर आणि ६१ मिलीओहम, म्हणजे त्या एका तिसऱ्या सेलमध्ये पाऊण व्होल्ट आतच जिरतो. सेल ३.७ व्होल्टवर असला तरी उड्डाणात तो तीनच्या खाली दिसणार आणि ड्रोन घाबरून उतरायला लागणार. तीन सेल बरे असले तरी सगळी बॅटरी त्या एका वाईट सेलच्या लायकीची होते. याआधीच्या एप्रिलात खाडीवर असताना ४० टक्के दाखवत असूनही ड्रोन एकाएकी खाली का यायला लागले, ते मला आत्ता कळले.

ऑनलाइनची बॅटरीही सोबत नेली होती. तीही त्यांनी उघडली. आतले सेल ४.२ व्होल्टचे साधे लिथियम पॉलिमर. फँटमची मूळ बॅटरी जास्त दाबाच्या सेलची असते, प्रत्येक सेल ४.३५ पर्यंत भरतो, चार मिळून १७.४ व्होल्ट. चार्जर आणि सर्किट त्याच आकड्यापर्यंत भरत राहतात. साध्या सेलना १६.८ ला थांबवायला हवे. ते थांबत नाही, म्हणून सेल दर वेळी ठासून भरला जातो आणि फुगतो. पाचव्या चार्जिंगला फुगली हे माझे नशीबच म्हणायचे, कारण पुढची पायरी आगीची होती आणि मी ती चार्जिंगला लावून भाजी आणायला जात असे.

म्हणून कुठल्याही दुकानात गेलात तरी हा एक प्रश्न विचाराच: “सेल ४.३५ चे घालणार की ४.२ चे?” उत्तर द्यायला माणूस अडखळला तर बॅटरी उचला आणि घरी या.

सेल बदलण्याचे काम त्यांनी माझ्यासमोर एकाच बॅटरीचे केले, दुसरीचे माझ्यामागे. साधे डाग देणे पुरत नाही. चपट्या सेलची एक पट्टी अॅल्युमिनियमची असते, तिला कथील धरत नाही. ते आधीच निकेलची पट्टी वेल्ड केलेले सेल मागवतात आणि मग सांधे जोडतात. सगळ्यात नाजूक भाग सर्किटचा. सेल काढताना त्याची वीज क्षणभर जरी तुटली, किंवा तारा चुकीच्या क्रमाने सुटल्या, तर ते ‘बॅटरी कायमची बिघडली’ अशी नोंद करून स्वतःला कुलूप लावते. मग नवे सेल घालूनही ती उघडत नाही. त्यांनी मेजावरच्या वीजपुरवठ्यातून पाच बारीक तारा आणून सर्किटला आधी जिवंत ठेवले, मग जुने सेल एकेक करून सोडवले. सुमारे चाळीस मिनिटे ते एक शब्द बोलले नाहीत. मदतनिसाने चहा आणला तो तसाच गार झाला. शेवटी बटण दाबले आणि चार हिरवे दिवे ओळीने लागले, तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते हे मला नंतर भाच्याने सांगितले.

जानेवारीत शाळेच्या मैदानावर दोन मीटर उंचीवर नुसते थांबवून मोजले. पहिली बॅटरी २५ टक्क्यांवर येईपर्यंत १६ मिनिटे ४० सेकंद, दुसरी १६ मिनिटे १० सेकंद. नवी होती तेव्हाही मी १८ च्या वर कधी गेले नव्हते, म्हणून मी समाधानी आहे. वजन ३६१ आणि ३६३ ग्रॅम.

आता उणिवा. टक्क्यांचा आकडा सुरुवातीला विश्वासाचा नव्हता. ५८ वरून एकदम ४९ वर उडी मारली. दोनदा पूर्ण भरून मैदानावरच अगदी तळापर्यंत उतरवल्यावर तो ताळ्यावर आला, पण हे करावे लागते हे आधी सांगायला हवे होते. पाण्यावर असते तर? कवचाची शिवण गोंदाने बंद केली आहे, एका बाजूला केसाएवढी फट आहे. मी तिच्यावर पातळ टेप लावते. हमी तीन महिन्यांची, तीही बिलाच्या मागे हाताने लिहिलेली. आठ दिवसांचे काम नऊवर गेले त्याबद्दल तक्रार नाही, पण मधल्या काळात फोन उचलला जात नव्हता आणि मला दोन वेळा फोंड्याहून बस पकडून जावे लागले. एक तारा याचाच.

एप्रिलच्या पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी, ओहोटीला, मी बांधावर उड्डाण केले. चोडणच्या बाजूला पक्षी अभयारण्य आहे, तिकडे मी वळत नाही. सातव्या जागेवरच्या फोटोत बांधाच्या आतल्या अंगाला, शेताकडे, हाताच्या पंजासारखा एक काळसर ओला डाग दिसला. त्याच्या कडेने मिठाची पांढरी रेघ. आधीच्या एप्रिलच्या फोटोत तिथे कोरडी माती आहे. बांधाची कामे पाहणाऱ्या शेतकऱ्यांना दोन्ही फोटो छापून दिले. तिथे खणल्यावर मनगट जाईल एवढे बीळ आरपार निघाले. चिखल आणि चिऱ्यांनी ते बुजवले, पावसाआधी. तिथे कोरगुटाची पेरणी होते. खारे पाणी सहन करणारे भात असले तरी भगदाडातून शिरलेल्या भरतीपुढे तेही तग धरत नाही.

यंदा बॅटऱ्या निम्म्या भरून, हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवल्या आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला उघडून पाहते आणि पुन्हा निम्म्यावर आणते. भिंतीवरच्या कॅलेंडरात जून ते सप्टेंबरच्या चारही तारखांभोवती गोल काढले आहेत. ती फुगलेली मात्र मालकांनी परत दिली नाही. “ही कचऱ्यात टाकायची नाही, पुनर्वापरवाल्यांकडे माझ्या स्कूटरच्या बॅटऱ्यांबरोबर जाईल,” म्हणाले. पुण्याची ती सील न फोडलेली अजून माझ्याकडे आहे. तिचे सर्किट स्वच्छ आहे. सेल आले की कळवतो असे त्यांनी सांगितले आहे, आणि ऑक्टोबरच्या फोटोंआधी ती तयार हवी आहे, म्हणून गणपती झाले की मडगावला जाणार आहे.