झोनिंगची जाहीर सुनावणी: दोनदा वापरलेली सर्व्हिस, ५ पैकी ३ स्टार

लोक हॉटेलांचे आणि मोबाईलचे रिव्ह्यू लिहितात, मी शहराच्या प्लॅनिंग खात्याच्या एका सर्व्हिसचा लिहितेय, झोनिंगची जाहीर सुनावणी. झोनिंग म्हणजे शहराच्या कुठल्या भागात कसला वापर किंवा धंदा चालेल ते ठरवणारे नियम. दोनदा वापरलीये. पहिल्यांदा सपशेल हरलो, दुसऱ्यांदा हवं होतं त्यातलं बरंचसं मिळालं, आणि दोन्ही वेळा हॉल तोच, अधिकारी तेच, फरक फक्त आम्ही काय घेऊन गेलो त्यात होता. म्हणून लिहावंसं वाटलं. ज्यांचं घर किंवा दुकान डाउनटाउनच्या जुन्या भागात आहे त्यांच्यावर ही वेळ कधी ना कधी येतेच, खाली रात्री उशिरापर्यंतचा बार येतोय, शेजारच्या गाळ्यात गांजाचं लायसन्सवालं दुकान, समोर प्रौढांसाठीचा क्लब, आणि आपल्याला कळतं कधी तर शटरवर कागद चिकटलेला दिसतो तेव्हा.

त्या कागदापासूनच सुरुवात करते कारण सगळ्यात वाईट भाग तोच आहे. एकच पान, बारीक टाईप, शटरच्या अगदी खालच्या पट्टीवर लावलेलं आणि पावसाने अर्धं सुटलेलं. वर लिहिलंय 'जमीन वापरासाठी सशर्त परवानगीचा अर्ज'. यातून कुणाला कळणार की बार येतोय? आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तो कागद दोन आठवडे रोज बघत होत्या, त्यांना वाटलं गाळा भाड्याने द्यायचाय. सुनावणीला चार दिवस राहिले तेव्हा कुणीतरी खाली वाकून नीट वाचला. घरी टपालाने येणारी नोटीस घरमालकाच्या पत्त्यावर गेली, भाडेकरूंना काहीच नाही, आणि तिथे राहतो आम्ही भाडेकरूच. एक स्टार इथेच गेला.

पहिल्या सुनावणीला आम्ही चाळीसेक जण गेलो, कामाच्या दिवशी दुपारी दोनला, कित्येकांनी अर्धी रजा टाकून. माईकवर प्रत्येकी तीन मिनिटं, समोर छोटा दिवा, हिरवा, पिवळा, मग लाल. आणि आम्ही काय बोललो? बार वाईट, पोरं बिघडतील, वातावरण खराब होईल, असले लोक इथे नकोत. टाळ्या भरपूर पडल्या. मग अर्जदाराचा वकील उठला, पाच मिनिटं बोलला असेल नसेल, या झोनमधे हा वापर चालतो, शाळेपासूनचं अंतर नियमात बसतं, हा नकाशा, ही मोजणी, आणि विरोधकांनी नियमातली एकही अडचण दाखवलेली नाही. परवानगी मिळाली. बाहेर पडताना सगळे विकले गेलेत असंही म्हणून झालं आमचं. पण नंतर या विषयावर वाचत गेले आणि आता मला वाटतं त्या दिवशी त्यांनी बरोबरच केलं.

कारण धंदा चांगला की वाईट हे ठरवणं झोनिंगचं कामच नाही, तो कुठे बसतो एवढंच ते ठरवतं. १९२६ मधे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ओहायोतल्या युक्लिड गावाच्या केसमधे झोनिंग मान्य केलं, त्या निकालात डुकराचं उदाहरण आहे, शेतावरच्या आवारात असलं तर ठीक, दिवाणखान्यात आलं की उपद्रव. कल्पना साधी आहे, पण नको असलेली माणसं हाकलायलाही असलेच नियम वापरले गेलेत आणि ते झोनिंग हा शब्द रुळायच्या आधीपासून. सॅन फ्रान्सिस्कोत १८८० मधे नियम आला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर परवानगी घ्या. कारण आगीचं, वाचायला अगदी रास्त. मग 'यिक वो' लाँड्रीचा मालक आणि आणखी दोनशे चिनी लाँड्रीवाले यांना नकार, आणि चिनी नसलेल्या ऐंशीच्या आसपास लाँड्रीवाल्यांना तशाच इमारतीत होकार. १८८६ मधे सुप्रीम कोर्टाने ते उडवलं, कागदावर नियम सरळ असला तरी राबवताना भेदभाव केला तर तो चालणार नाही म्हणून. पुढे टेक्सासमधल्या क्लिबर्न शहराने बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांच्या निवासाला खास परमिट लागेल म्हणून सांगितलं आणि मग ते नाकारलं, त्यावर १९८५ चा निकाल आहे की शेजाऱ्यांची नापसंती आणि भीती एवढ्यावर नकार देता येत नाही. हे वाचताना मला आमचं 'असले लोक इथे नकोत' आठवलं. सगळ्यात जास्त टाळ्या त्याच वाक्याला पडल्या होत्या आणि टाळ्या वाजवण्यात मीही होते, लाज वाटली.

आता अंतराच्या नियमाबद्दल, कारण प्रत्येक जण पहिल्यांदा तोच मागतो, शाळेपासून इतके फूट, घरांपासून इतके फूट. डेट्रॉइटने १९७२ मधे प्रौढांच्या थिएटरांसाठी हेच केलं, नियमातच दिलेल्या धंद्यांच्या यादीतल्या इतर कुठल्याही दोन धंद्यांपासून १००० फूट आणि राहत्या भागापासून ५०० फूट. म्हणणं असं की असे धंदे एका जागी जमले की आजूबाजूची वस्ती ढासळते, म्हणून पांगवा. १९७६ मधे हा नियम सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ असा जेमतेम टिकला. पण ती यादी बघा, त्यात बार आणि प्रौढांच्या थिएटरांच्या जोडीला गहाणवटीची दुकानं, जुन्या वस्तूंची दुकानं, पूल हॉल, अगदी बूटपॉलिशची दुकानंसुद्धा! बूटपॉलिश करणाऱ्याने कुणाचं काय बिघडवलं होतं? बोस्टनने १९७४ मधे बरोब्बर उलटं केलं, वॉशिंग्टन स्ट्रीटच्या खालच्या टोकाला असे धंदे आधीच जमत आले होते, त्यांना तिथेच अधिकृत हद्द आखून दिली, त्या पट्ट्याला कॉम्बॅट झोन म्हणायचे. आणि पट्ट्याला खेटून काय, तर चायनाटाउन, पोराबाळांची राहती वस्ती. पांगवा किंवा गोळा करा, ओझं ज्याचा आवाज हॉलपर्यंत पोचत नाही त्याच्या दारात जाऊन पडतं. ॲमस्टरडॅमने लाल दिव्याच्या खिडक्या जुन्या गावठाणातून हलवायच्या म्हणून डिसेंबर २०२३ मधे शहराच्या दक्षिणेला युरोपाबुलेवार्डची जागा निवडली तर तिथले रहिवासी उठले आणि जवळच ऑफिस असलेली युरोपियन मेडिसिन्स एजन्सी, म्हणजे युरोपियन युनियनची औषधांवर देखरेख करणारी संस्था, तीही विरोधात, म्हणजे मोठं ऑफिस शेजारी असलं की निदान बातमी तरी होते.

आणि अंतराच्या नियमातून वाट काढणारे काढतातच. न्यूयॉर्कने १९९५ मधे प्रौढांच्या दुकानांसाठी ५०० फुटांचा नियम केला, पण तो कुठल्या दुकानाला लागू तर ज्याचा ४० टक्के किंवा जास्त माल किंवा जागा प्रौढांची आहे त्याला. दुकानदारांनी ६० टक्के साधा माल भरला आणि धंदा चालू ठेवला. शहराने २००१ मधे पळवाट बुजवायला दुरुस्ती केली, तिच्यावर राज्याच्या कोर्टांत कोर्टबाजी २०१७ पर्यंत, तिथे शहर जिंकलं पण मधली १६ वर्षं गेली ना. शिवाय बहुतेक ठिकाणी आधीपासून कायदेशीर चालू असलेल्या धंद्याला नवा नियम लगेच लागत नाही, त्यामुळे परवानगी मिळून शटर उघडल्यावर नियम बदला म्हणणाऱ्यांनी फार आशा ठेवू नये. अजून एक, अंतर मोजायचं कुठून? आम्ही शाळेच्या फाटकापासून बारच्या दारापर्यंत टेप लावून मोजत बसलो आणि नियमात लिहिलं होतं हद्दीपासून हद्दीपर्यंत सरळ रेषेत. अख्खा रविवार गेला. नियमातलं व्याख्यांचं पान आधी वाचा, टेप नंतर.

दुसरी सुनावणी वर्षभराने झाली, पलीकडच्या गल्लीत गच्चीवर बसायची सोय असलेला क्लब येत होता. या वेळी आम्ही फक्त नऊ जण गेलो आणि एक वही नेली. पहिल्या बारमुळे आम्हाला नक्की कशाचा त्रास होतो ते २३ रात्री लिहून ठेवलं होतं, तारीख, वेळ, काय झालं. लिहायला लागल्यावर एक गोष्ट आमच्याच लक्षात आली की गाण्यांनी झोपमोड फारशी होतच नव्हती, होत होती बाटल्यांनी. रात्री पावणेतीनला एक माणूस रिकाम्या काचेच्या बाटल्यांचं पिंप मागच्या गल्लीत आणतो आणि लोखंडी कचराकुंडीत उपडं करतो, एका दमात, अख्खं पिंप. त्या आवाजाने तान्ही मुलं दचकून उठतात आणि नंतर तासभर रडतात. २३ पैकी १९ रात्री हेच लिहिलेलं. दुसरा नंबर बंद झाल्यावर फुटपाथवर गाडीची वाट बघत मोठ्याने बोलणाऱ्यांचा. पोरं बिघडल्याची नोंद एकही नाही.

तर आम्ही बंद करा म्हणालोच नाही, अटी मागितल्या. बाटल्या सकाळी नऊच्या आत ओतायच्या नाहीत, गच्ची अकराला बंद, मालाच्या गाड्या सातच्या आधी नकोत, बंद झाल्यावर अर्धा तास एक माणूस फुटपाथवर उभा राहील, मॅनेजरचा नंबर दारावर, आणि परवानगी कायमची न देता एक वर्षाने फेरतपासणी. अध्यक्षांनी वही मागून घेतली आणि पानं उलटून बघितली, पहिल्या वेळी त्यांनी आमच्याकडे मान वर करूनही बघितलं नव्हतं. क्लबचा मालक बाहेर भेटला, म्हणाला तुम्ही सगळं बंद करा म्हणाल या तयारीने आलो होतो, बाटल्यांचं तर आम्हाला काही जडच नाही, कुणी सांगितलं असतं तर आधीच केलं असतं. गच्चीसाठी त्याने ताणून धरलं आणि शुक्रवार-शनिवार बाराची वेळ पदरात पाडून घेतली, ते आम्हाला पटलेलं नाही. बाकी सगळ्या अटी परमिटवर लिहून आल्या.

आता दुसरा स्टार का कापला ते. अट लिहिणारं खातं वेगळं आणि ती पाळली जाते का ते बघणारं वेगळं. एकदा फुटपाथवरचा माणूस सलग चार दिवस गायब होता, तक्रार केली तर उत्तर यायला तीन आठवडे लागले, आणि उत्तरात काय तर 'तपासणीच्या वेळी उल्लंघन आढळले नाही', तपासणी झाली सकाळी अकराला! रात्रीच्या अटीची तपासणी सकाळी करून काय दिसणार. म्हणून वही बंद करू नका, फेरतपासणीला तीच लागते.

तीन स्टार उरतात ते या गोष्टीचे की खोलीभर टाळ्यांनी परमिट अडलं नाही आणि नऊ जणांच्या वहीने अटी बदलल्या. बारवाल्यालाही तिथे आपली बाजू मांडायला मिळते, मला हे आधी खटकायचं, आता नाही खटकत. नोटीस मोठ्या अक्षरांत डोळ्यांच्या उंचीला लावली, त्यात 'बार' हा शब्द साधा लिहिला आणि पत्र भाडेकरूंनाही पाठवलं तर चौथा स्टार मी लगेच वाढवेन.