लुंबिनी-काठमांडूला जाताना कोणतं ओळखपत्र? तीन कागदांची पारख

नागपुरातून बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत लुंबिनीला जाणाऱ्या सहलींची पत्रकं पाहिली की एक गोष्ट लगेच खटकते. बस एसी आहे, जेवण शाकाहारी आहे, मुक्काम कुठे आहे, सगळं ठळक छापलेलं असतं. कागदपत्रांसाठी मात्र तळाशी एकच ओळ: "आधार कार्ड सोबत ठेवावे." सोनौली या भारत-नेपाळ सीमेवरच्या नाक्याला सीमा ओलांडायची असेल तर ही ओळ अपुरी आहे, आणि काठमांडूचं विमान पकडायचं असेल तर चक्क चुकीची आहे. म्हणून नेपाळ-भूतानच्या पर्यटनाला काय चालतं एवढाच निकष लावून आधार, मतदार कार्ड आणि पासपोर्टची ही पारख.

आधारला दहापैकी दोन गुण. नेपाळला जायला भारतीयाला व्हिसा लागत नाही, पण नागरिकत्व दाखवावं लागतं, आणि तिथेच आधारची गाडी अडते. आधार भारतात राहणाऱ्याला मिळतं. ते नागरिकत्वाचा पुरावा नाही. मतदारयादीत नाव फक्त नागरिकाचं येतं, म्हणून मतदार कार्ड चालतं. १५ ते ६५ या वयोगटाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं फोटो ओळखपत्र, दोन्हींपैकी एक हवंच (अपवाद पुढे येतीलच). नियम विमानाला आणि रस्त्याला एकच, फरक फक्त तपासणीचा. सोनौलीला सशस्त्र सीमा बलाचा जवान गर्दीत एखाद्याचं कार्ड बघेल, एखाद्याचं नाही. विमानाच्या काउंटरवर मात्र प्रत्येकाचं बघतात. "मागच्या वर्षी आमचे शेजारी आधारवर जाऊन आले" असं जे ऐकू येतं ते रस्त्याने गेलेल्यांचं असतं. त्याच्या भरवशावर काठमांडूचं तिकीट काढू नका.

मग दोन गुण तरी कशाचे? १५ वर्षांखालची मुलं आणि ६५ वर्षांवरचे ज्येष्ठ यांना सवलत आहे. त्यांनी फोटो असलेला, वय आणि ओळख पटवणारा कागद दाखवला की पुरतं. आधार, पॅन, लायसन्स, रेशन कार्ड यांतलं काहीही चालतं. इथेही एक गोम आहे. जुन्या आधारांवर पूर्ण जन्मतारीख नसते, नुसतं जन्मवर्ष असतं. आजोबा नुकतेच ६५ पार झाले असतील तर तेवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. निघण्याआधी आधार केंद्रातून पूर्ण तारीख टाकून घ्या, नाहीतर तारीख छापलेलं पॅन सोबत ठेवा.

मतदार कार्डाला सात गुण. फुकट मिळतं, बहुतेकांकडे असतंच, आणि नेपाळ-भूतान दोन्हीकडे चालतं. गुण कापले ते कार्डाच्या अवस्थेमुळे. विदर्भातल्या कित्येक घरांत अजून जुनी लॅमिनेशनची कार्डं आहेत: कोपऱ्यातून प्लास्टिक सुटलेलं, होलोग्राम घासलेला, फोटोत चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग आणि जन्मतारखेऐवजी "१-१-१९९५ रोजी वय ३१". काउंटरवरच्या माणसाला समोरचा चेहरा त्या डागाशी जुळवायचा असतो. तो नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. असं कार्ड असेल तर मतदार सेवा पोर्टलवर किंवा बीएलओकडे, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे, फॉर्म ८ भरा. दुरुस्ती, पत्ताबदल आणि बदली कार्ड तिन्हींना हाच फॉर्म आहे. नवीन कार्ड पीव्हीसीचं येतं. मोबाईलमधलं ई-कार्ड जवळ असू द्या, पण प्रवासात हातात मूळ कार्डच हवं. झेरॉक्स म्हणजे ओळखपत्र नव्हे, मग ती रंगीत का असेना.

दुसरी अडचण नावाची. मतदार कार्ड सासरच्या नावाने, आधार माहेरच्या नावाने, आणि एजंटने तिकीट काढलं व्हॉट्सॲपवर आलेल्या आधारावरून. काउंटरवर दाखवायचं मतदार कार्ड आणि तिकिटावर नाव भलतंच! जे कार्ड दाखवणार त्याच कार्डाचा फोटो एजंटला पाठवा. एवढं केलं तरी निम्मी डोकेदुखी जाते.

खरा गुंता १५ ते १८ वयाच्या मुलांचा आहे, आणि पत्रकं नेमकी तिथेच गप्प असतात. लहान मुलांची सवलत संपलेली आणि मतदानाचं वय आलेलं नाही. पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र लागतं. शाळेचं रोजचं आयकार्ड किंवा बोनाफाइड म्हणजे ते नव्हे. नमुना काठमांडूतल्या भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावर मिळतो. तो छापून फोटो चिकटवून शाळेत द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहल असेल तर परीक्षा संपायच्या आतच सही-शिक्का घ्या, कारण मे महिन्यात नागपूरच्या उन्हात मुख्याध्यापक शोधत फिरणं परवडत नाही. नुकतीच अठरा पूर्ण झालेल्या, मतदारयादीत नाव न आलेल्या कॉलेजकुमाराला तर पासपोर्टशिवाय पर्यायच नाही.

कुटुंब एकत्र जात असेल तर एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असलं की बाकीच्यांना फोटो आणि नातं दाखवणारे कागद चालतात, अशीही तरतूद आहे. रस्त्याने जाताना तिचा उपयोग होतो. विमानाला तिच्यावर विसंबून राहू नये असं आमचं स्पष्ट मत.

पासपोर्टला नऊ गुण, आणि तो काढून देणाऱ्या सेवेला सात. मोठ्यांना ३६ पानी पासपोर्टचे १५०० रुपये, तत्काळचे वर आणखी २०००, मुदत दहा वर्षं. १८ खालच्यांना १००० रुपये, मुदत पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. नागपूरला प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय असल्याने विदर्भातल्या माणसाला मुंबई गाठावी लागत नाही. चिप असलेला ई-पासपोर्ट सुरुवातीला ज्या मोजक्या शहरांत मिळू लागला त्यांतही नागपूर होतं. मुखपृष्ठाच्या खालच्या बाजूला छोटं सोनेरी चिन्ह दिसलं की तो ई-पासपोर्ट समजायचा.

पासपोर्ट सेवा केंद्रातलं काम शिस्तीत चालतं. ए काउंटरवर कागद स्कॅन, फोटो आणि बोटांचे ठसे, बी वर तपासणी, सी वर मंजुरी. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या बाजारात, जाऊन फोटो काढायची गरज नाही, तो तिथेच काढतात. फक्त चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो न्यावा लागतो. मुलांच्या अर्जाला आई-बाबा दोघांच्या सहीचं परिशिष्ट डी, म्हणजे ठरलेल्या नमुन्यातलं घोषणापत्र, लागतं. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो, आणि त्या दाखल्यावर बाळाचं नाव हवं. दवाखान्यातून नोंद झाली तेव्हा नाव ठरलेलं नव्हतं, म्हणून रकाना रिकामा असलेले दाखले सर्रास सापडतात. आधी महापालिकेत नाव चढवा, मगच अर्ज भरा. अपॉइंटमेंट वर्षभरात तीनदा बदलता येते, तेव्हा अर्धवट कागद घेऊन "बघू तर खरं" म्हणत जाऊ नका.

सेवेचे गुण गेले ते पोलीस पडताळणीत, आणि तिथे दोष बहुतेक वेळा अर्जदाराचाच असतो. पोरगं नोकरीला पुण्यात, हिंजवडीत भाड्याने राहतं, पण अर्ज भरतं नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरचा पत्ता देऊन. पोलीस घरी येतात, आई सांगते "तो तर पुण्याला असतो," आणि शेरा विरुद्ध जातो. सध्या जिथे राहतो तोच पत्ता द्यायचा, गेल्या वर्षभरात दुसरीकडे राहिला असेल तर तेही लिहायचं. अर्ज करताना संकेतस्थळाचा पत्ता शेवटी जीओव्ही डॉट इन असा आहे ना तेही बघा. हुबेहूब दिसणारी आणि जास्त पैसे उकळणारी खोटी पानं बरीच आहेत.

पासपोर्टचा एक गुण आडनावामुळे कापला. काही जण सगळं नाव एकाच रकान्यात भरतात आणि आडनावाचा रकाना कोरा सोडतात. नेपाळला त्याने काही बिघडत नाही, पण पुढे कधी दुबईला जायचं ठरलं तर कोऱ्या आडनावाच्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिरातीच्या पर्यटक व्हिसाला अडचण येऊ शकते. पहिल्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, दुसऱ्यात आडनाव, असंच भरा.

भूतान थोडं कडक आहे. तिथे परमिट काढावं लागतं, म्हणून कार्ड प्रत्येकाचं बघतातच. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, नाहीतर मतदार कार्ड. पासपोर्ट नसलेल्या मुलांना इंग्रजी मजकुराचा जन्मदाखला लागतो. आपला जुना हस्तलिखित मराठी दाखला तिथे कोणालाही वाचता येत नाही. शिवाय मोठ्यांना माणशी दर रात्री १२०० रुपये शुल्क, ६ ते १२ वयाला निम्मं, सहाखालच्यांना माफ. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब घरूनच करून निघा.

आणि नेपाळात कार्ड हरवलंच तर आधी जवळच्या पोलीस चौकीत तक्रार, मग तिची प्रत घेऊन काठमांडूचा भारतीय दूतावास. तिथे भारतात परतण्यापुरतं एकेरी प्रवासाचं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी मूळ कार्डाच्या झेरॉक्स आणि दोन-चार फोटो वेगळ्या बॅगेत ठेवा, पर्समध्ये कार्डाशेजारी नको.